पोच नसलेली बाई

मराठीत 'पोच' हा शब्द दोन नोकऱ्या करतो. पार्सल हातात पडलं की आपण सही करून देतो ती पोच. आणि कुठे काय बोलावं, कुठे तोंड मिटावं, समोरच्याच्या मनात काय चाललंय, याची जी अक्कल असते तीही पोच. ही दुसरी पोच मला जन्मापासून नाही, असं माझ्या मोठ्या बहिणीचं मत आहे. आणि पहिली पोच काढून टाकता येईल का, यावर मी माझी चांगली चौदा वर्षं घालवली. तेव्हा बहिणीचं अगदीच चुकतं असं म्हणता येणार नाही.

बहीण विसरवाडीला असते. हायवेच्या फाट्यावर मेहुण्यांचं टायरचं दुकान, त्याच्या मागेच घर. तिचा फोन आला की आधी दोन ट्रक ऐकू येतात आणि मग ती. "जेवनी का?" हा पहिला प्रश्न. भाच्याच्या साखरपुड्यात मुलीच्या वडिलांनी मला विचारलं होतं, मुलगी कशी वाटली? मी म्हणाले, मुलगी फार हुशार आहे, आमच्या मुलाला झेपेल का तेवढं बघा. खरं तेच बोलले होते. सगळे हसले, बहीण सोडून. आतल्या खोलीत नेऊन तिने मला विचारलं, "तुले काही पोच शे का नही?" पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापिकेला असं कोण विचारतं? तीच.

मी नंदुरबारच्या एका कॉलेजात संगणकशास्त्र शिकवते. माझा स्वतःचा विषय ग्रिड कॉम्प्युटिंग. म्हणजे काय, तर ठिकठिकाणचे रिकामे बसलेले संगणक तारेने एकत्र बांधायचे आणि एक मोठं काम सगळ्यांत वाटून द्यायचं. लग्नाच्या पोळ्या गल्लीतल्या दहा घरांत लाटायला देतात, तसं. महागडा मोठा संगणक आपल्याला कोण देणार? पण कॉलेजांच्या प्रयोगशाळांत जुने संगणक दुपारनंतर झाकून ठेवलेलेच असतात. मी तीन प्रयोगशाळा जोडल्या होत्या: आमची, तालुक्याच्या एका कॉलेजची, आणि तिसरी वर डोंगरात, धडगावला. त्यांच्याकडून सातपुड्याच्या उपग्रहचित्रांवर जंगल किती, उघडा डोंगर किती, हे मोजून घ्यायचं, असं ते काम. बाजारात मात्र ग्रिड म्हटलं की लोकांना विजेचंच ग्रिड आठवतं. लाईट गेली की माझी घरमालकीण अजूनही वर येऊन विचारते, "मॅडम, कधी येईल?" सुरुवातीला मी तिला समजावून सांगायची. आता सांगते, अर्ध्या तासात. बहुतेक वेळा येते.

काम वाटून देणं सोपं होतं. ते धडगावपर्यंत पोचवणं अवघड होतं. घाटात लाईन तुटते, पुन्हा लागते, पुन्हा तुटते. मोठी फाईल पाठवायची तर तिचे हजारो तुकडे करतात, आणि नेहमीच्या पद्धतीत पलीकडचा संगणक मिळालेल्या तुकड्यांची सारखी पोच देत राहतो. मिळालं, मिळालं, मिळालं. पोच यायला उशीर झाला की अलीकडच्याला वाटतं वाटेत काही बिघडलं, आणि तो आपला वेग कमी करतो. आमच्या लाईनवर निम्मा वेळ या मिळालं-मिळालंमध्येच जायचा. एक चित्र वर जायला अख्खी सकाळ. मी पडद्याकडे बघत चहाचे पेले रिचवत बसायची.

तोड मला सुचली ती गावातल्या एका शेठजींच्या दुकानात. राजस्थानातून आलेलं जैन घराणं, तीन पिढ्या कापडाचा धंदा. मी पडद्याचं कापड घ्यायला गेले होते आणि तेवढ्यात सुरतेहून टेम्पो आला. गठ्ठे उतरले, टेम्पो निघूनही गेला. मी विचारलं, शेठजी, सुरतेला कळवलं नाही, माल मिळाला म्हणून? ते हसले. म्हणाले, "मॅडम, गठ्ठ्यांवर नंबर आहेत. एखादा नंबर कमी निघाला तर मी फोन करतो. फोन नाही केला म्हणजे माल पोचला. रोज रोज हां-हां कोण करत बसणार?"

अगं बाई! मी कापड तिथेच विसरून घरी आले. तुकड्यांना नंबर द्यायचे, पलीकडच्याने तोंड मिटून घेत राहायचं, आणि मधला एखादा नंबर गळाला तरच बोलायचं. जगात असं कुणी केलेलंच नव्हतं असं नाही, पुस्तकांत आहे ते. पण आमच्या घाटाला, आमच्या लाईनीला बसेल असं मी ते माझ्या हाताने बांधलं, आणि पहिल्यांदा चालवलं तेव्हा सकाळभराचं चित्र चहा गार व्हायच्या आत वर गेलं. प्रयोगशाळेत मी एकटीच होते. आनंद झाला की कुणाचा तरी हात धरावासा वाटतो. मी टेबलाची कड धरली.

रविवारी विसरवाडीला गेले तेव्हा बहिणीला सगळं सांगितलं, आणि वर म्हणाले, आपणही असंच करू. रोजचा फोन कशाला? माझं काही बिघडलं तरच मी फोन करीन. फोन नाही म्हणजे मी मजेत. तिने भाकरी थापता थापता माझ्याकडे बघितलं. "आणि तू मरी गयी तं आमले कसं कळी?" म्हणाली. मी खूप हसले. मला वाटलं, बाईमाणूस, घाबरट. तिने मात्र माझं ऐकलं नाही, तिचा फोन रोज येतच राहिला. नशीब माझं.

पण वर्ग माझ्या ताब्यात होता. तिथे मी ही पद्धत लागू केली आणि त्याचं मला कौतुकही होतं. पहिल्या तासालाच सांगायची, मी दर पाच मिनिटांनी 'समजलं का, समजलं का' विचारणार नाही. मग तुम्ही नंदीबैलासारख्या माना हलवणार, त्यापेक्षा ते नकोच. जे समजलं नाही तेवढं विचारा. गप्प राहिलात तर समजलं असं मी धरून चालणार. मुलं हसायची. आणि गप्प राहायची. इतका चांगला वर्ग, इतक्या कमी शंका! शिक्षकांच्या खोलीत बाकीचे कुरकुरायचे की पालथ्या घड्यावर पाणी आहे सगळं, तेव्हा मी मनात म्हणायची, तुमचे घडे पालथे असतील, माझे नाहीत.

विषय ऐच्छिक होता. एके काळी बारा-बारा जण असायचे, मग सात, मग पाच. वेबसाईट बनवायला शिकवणारा दुसरा ऐच्छिक विषय होता, त्याला नोकऱ्या मिळतात म्हणे. मुलांचं काय चुकलं? त्या वर्षी जुलैत पाच जण बसले आणि तिसऱ्या आठवड्यात त्यातले चार उठून तिकडे गेले. उरली एक मुलगी. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, पण त्यांना माझी प्रयोगशाळा ऑनलाइन परीक्षांसाठी हवी होती, हे मला ठाऊक होतं. म्हणाले, "मॅडम, एका मुलीवर विषय चालवता येतो, नियमात बसतं. पण ती पास झाली पाहिजे. यंदा एकही निकाल लागला नाही तर विषय बंद, आणि मग ती खोली आणि मशिनं अशी अडवून ठेवता येणार नाहीत." म्हणजे माझी चौदा वर्षं एका मुलीच्या नोव्हेंबरच्या पेपरवर येऊन उभी राहिली. मी म्हणाले, होईल की पास. हुशार आहे.

ती तोरणमाळच्या खालच्या एका पाड्यावरची. घरात पावरी बोलायचे. मराठी तिची शाळेतली भाषा, जशी खरं तर माझीही. मी घरी अहिराणीत वाढले आणि पुस्तकी मराठी नंतर चढवली, बाहेर जायची साडी नेसतात तशी. ती मुलींच्या वसतिगृहात राहायची. तिसऱ्या बाकावर बसायची. चार जण गेल्यावर मी म्हणाले, पुढे ये, तर आली, पण अगदी कडेला. तासाला कधी उशीर नाही, कधी दांडी नाही. वही उघडायची आणि लिहीत सुटायची. तीन महिन्यांत एकही शंका नाही. एकही! मी म्हणायची, अशी एक मिळाली तरी खूप.

आणि मी बोलत सुटले. खरं सांगते, तो आठवड्यातला चार वेळचा एक तास माझा सण झाला होता. घरी माझ्याशी बोलणारं कोणी नाही. लग्न झालं नाही, म्हणजे जमलं नाही, आणि मग त्याचं वाईट वाटणंही हळूहळू थांबलं. सुट्टीच्या दिवशी दूधवाला गेला की बहिणीच्या फोनपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. कॉलेजात बाकीच्यांना माझ्या विषयातलं काही कळत नाही आणि ते कळून घ्यायची त्यांना गरजही नाही. चौदा वर्षं एखादी गोष्ट डोक्यात घेऊन हिंडायचं आणि ती कुणालाच सांगता येत नाही, याचा एकटेपणा घरातल्या एकटेपणाहून वाईट असतो. आणि इथे एक मुलगी माझा शब्द न् शब्द लिहून घेत होती. मी तिला घाट सांगितला, शेठजी सांगितले, माझे फसलेले प्रयोग सांगितले. तास संपल्याची घंटा झाली की मला राग यायचा.

सप्टेंबरात मी मोठी चाचणी घेतली. रोज एक चित्र धडगावला पाठवायचं, तीन आठवडे, आणि तिकडची उत्तरं शेवटी एकदम गोळा करायची. रोज सकाळी मी फाईल सोडायची, पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'पूर्ण' यायचं. पलीकडून तक्रार नाही. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. ऐन पावसात, घाटात दरडी पडत असताना, एकही तुकडा हरवला नाही! मी एका परिषदेसाठी शोधनिबंध लिहायला घेतला. पेढे आणले आणि वर्गात नेले. वर्गात म्हणजे तिलाच. तिने पेढा घेतला, "अभिनंदन, मॅडम" म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं. उरलेले पेढे मीच चार दिवस पुरवून खाल्ले.

उत्तरं गोळा करायला गेले तर काहीच येईना. धडगावच्या कॉलेजात फोन लागेना. मग एका सकाळी एसटीने शहाद्याला गेले आणि तिथून जीपमध्ये बसले. पुढे चार, मधे सहा, मागे किती ते देवाला ठाऊक. माझ्या मांडीवर कुणाचं तरी मूल, पायाशी कुणाची तरी कोंबडी. घाटात दोनदा सगळे उतरलो. दुपारी पोचले, तर प्रयोगशाळेला कुलूप. तिथले सहाय्यक किल्ली घेऊन आले. पन्नाशीचे, शांत, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ. दार उघडलं. सगळे संगणक फुलाफुलांच्या चादरींखाली झाकलेले.

"वीज पडली, मॅडम. इन्व्हर्टर गेला. बंदच आहे सगळं."

"कधीपासून?"

"महिना होईल आता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, अहो, महिना झाला आणि तुम्ही मला कळवत नाही? मी तिकडून रोज पाठवतेय! ते जराही रागावले नाहीत. टेबलाच्या काचेखाली त्यांनी माझीच सूचना नीट कापून ठेवली होती, ती दाखवली. म्हणाले, "तुम्हीच लिहून दिलं होतं. आलेल्या मालात काही कमी असेल तरच कळवावे, एरवी कळवू नये. मॅडम, इथे काही आलंच नाही. मग कमी काय सांगू?"

हसावं की रडावं! बरोबर होतं त्यांचं. मधला गठ्ठा हरवला तर नंबरावरून कळतं. टेम्पोच आला नाही तर दुकानदाराला काय कळणार की आज टेम्पो येणार होता? माझी हिरवी अक्षरं तीन आठवडे मला एवढंच सांगत होती की मी पाठवलं. पहिल्या वर्षाच्या पोराने ओळखावी अशी ही चूक. पुस्तकातही तिच्याबद्दल लिहिलेलं आहे, मी स्वतः ती शिकवलेली आहे. त्यांनी मला चहा पाजला आणि परतीच्या जीपमध्ये पुढची जागा मिळवून दिली.

उतरताना मी स्वतःला मनसोक्त शिव्या देत होते. निबंध फाडावा लागणार, पेढ्यांचे पैसे वाया. आणि मग तिसऱ्या का चौथ्या वळणावर मी शिव्या देता देता थांबले. निबंध गेला खड्ड्यात. ती मुलगी! तीन महिने एक शंका नाही. मी पाठवतेय, पाठवतेय, आणि तिकडून तक्रार नाही. ड्रायव्हर काहीतरी विचारत होता, मला ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तासाला मी खडू हातात घेतला नाही. तिच्या शेजारच्या बाकावर बसले. म्हणाले, आज तू सांग. घाटातल्या लाईनीवर नेहमीची पद्धत हळू का चालते? तिने वहीची पानं उलटली. बरं, सोपं विचारते. तुकड्यांना नंबर कशाला देतो? तिचं बोट पानांवरून फिरत राहिलं. मी म्हणाले, वही दे.

वही मी आजही विसरले नाही. अक्षर मोत्यासारखं. आणि सगळं होतं तिच्यात. मी फळ्यावर लिहिलेलं तर होतंच, पण बोललेलंही. 'पुस्तकात हे पान चुकीचे छापले आहे.' 'माझी बहीण म्हणते मला पोच नाही.' 'खिडकी लाव, पाऊस आत येतो.' 'चहा गार व्हायच्या आत चित्र वर गेले.' एका पानावर तारीख आणि खाली एकच ओळ: 'मॅडमनी पेढा दिला.' माझा एकही शब्द तिने खाली पडू दिला नव्हता. फक्त त्यातल्या कुठल्याच शब्दाचं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं.

"हे समजलंय का तुला?"

तिने मान हलवली. नाही.

"कुठपर्यंत समजलं होतं?"

"पहिला आठवडा," ती म्हणाली. मग खाली बघून, "थोडं."

मी संतापले. आता लाज वाटते, पण संतापले. म्हणाले, अगं मग तोंड होतं ना तुला? विचारायचं नाही? मी पहिल्याच तासाला सांगितलं होतं ना, समजलं नाही तेवढं विचारा!

ती एकेक शब्द निवडून घेतल्यासारखी म्हणाली, "मॅडम, एखादं समजलं नाही तर विचारता येतं. सगळंच समजलं नाही तर काय विचारायचं?"

मी वही मिटून तिच्या हातात दिली.

परीक्षेचे फॉर्म भरायला चार दिवस उरले होते. तोवर विषय बदलता येत होता, दोन्ही शिक्षकांची सही लागायची. पेपरला सहा आठवडे. ते चार दिवस माझ्या मनाने काय काय खेळ केले ते लपवत नाही. सहा आठवड्यांत मी तिला रोज बसवीन. घोकवून घेईन. प्रश्न मीच काढते, अंदाज देता येईल. तोंडी परीक्षेचे गुण माझ्याच हातात. ती पस्तिसापर्यंत पोचली तरी माझा विषय वाचतो, खोली वाचते, मशिनं वाचतात. आणि नाही पोचली तर? तर तिचं वर्ष जाईल, वसतिगृहातली जागा जाईल, आणि तोरणमाळच्या त्या चढावरून खाली आलेली पोर पुन्हा वर जाईल. माझं काय जाईल? विषय. मी दोन्ही पारड्यांत टाकून बघत होते आणि माझंच पारडं खाली जावं असं मला वाटत होतं. इतकी मी स्वार्थी आहे.

बहिणीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पोर कोनी शे?" म्हणजे मुलगी कुणाची आहे. मी म्हणाले, कुणाची का असेना, माझी विद्यार्थिनी आहे. "मंग इचारी काय ऱ्हायनी?" म्हणजे मग विचारतेस काय, असं म्हणाली आणि मेहुण्यांना जेवायला वाढायला गेली.

चौथ्या दिवशी मी अर्ज स्वतः लिहून नेला. वेबसाईटवाल्या सरांशी बोलून, त्यांची सही घेऊन आले होते. त्यांच्या वर्गात तीस मुलं, त्यातल्या पाच मुली हिच्याच वसतिगृहातल्या. मागचं सगळं त्या शिकवतील, सर म्हणाले, आणि मीही बघतो. मी तिला म्हणाले, इथे सही कर. आजपासून तू तिकडे. तिने अर्ज दोनदा वाचला.

"मग हा विषय?"

"होईल त्याचं काहीतरी."

"बंद होईल. ऑफिसमध्ये म्हणत होते."

"तुला काय करायचंय? सही कर."

तिने सही केली. तिच्याखाली मी केली. चौदा वर्षं संपायला एक निळं पेन पुरलं. मी अर्ज घडी करून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, जा, पाच वाजेपर्यंत द्यायचाय. ती उठली, दप्तर घेतलं, दारापर्यंत गेली. मी तिला तसंच जाऊ द्यायला हवं होतं. पण माझ्या मनात जे खुपत होतं ते बाहेर पडलंच. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"एक सांगून जा. ते चौघे गेले तेव्हाच तू का नाही गेलीस? काही समजत नव्हतं, तर तीन महिने कशाला बसलीस इथे?"

ती दारात उभी राहिली. मला वाटलं, म्हणेल की भीती वाटली, किंवा फॉर्म कुठे मिळतो ते माहीत नव्हतं.

"ते गेले त्या दिवशी तुम्ही फळा पुसत होत्या," ती म्हणाली. "फळ्यावर काही नव्हतं, मॅडम. तरी खूप वेळ पुसत होत्या. मग मी सोबतीला बसले."

त्या दिवशी मला कुणी बघितलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. मुलं गेली, मी पाठ फिरवली, डोळे कोरडे होईपर्यंत हात हलता ठेवला, एवढंच. पाठीमागे कोणी आहे हेही मी त्या वेळी विसरले होते.

मला तिच्यावर रागावायचं होतं. मी रडले. तोंडाला पदर लावून, माझ्या मुलीच्या वयाच्या, नसलेल्या मुलीच्या वयाच्या, त्या पोरीसमोर. ती ना आत आली, ना गेली. मी नाक पुसलं, घड्याळात बघितलं. तास संपायला अजून पंधरा मिनिटं होती, आणि ऑफिस पाचपर्यंत उघडं होतं.

"घाई आहे का तुला?" मी विचारलं.

"नाही, मॅडम."

"मग बस थोडा वेळ."

ती परत आली. या वेळी कडेला नाही, मधल्या बाकावर बसली. सवयीने तिने वही काढली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा आत ठेवली. त्या पंधरा मिनिटांत मी काहीच शिकवलं नाही.